सैनिकांची मुले आणि गावची शाळा

१. प्रश्नाचे स्वरूप

सैन्यात नोकरी करणाऱ्यांच्या मुलांचे शिक्षण हा प्रश्न वरवर पाहता लष्कराचा वाटतो. छावणीत शाळा असते, तेथे मुले शिकतात. तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेचा त्याच्याशी संबंध तो काय, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. जवानाची नेमणूक वारंवार अशा ठाण्यावर होते, की जेथे कुटुंब नेता येत नाही. अशा वेळी पत्नी व मुले गावी राहतात आणि मूल गावच्या शाळेत जाऊ लागते. पुढे वडिलांना कुटुंबासह राहण्याची जागा मिळते, तेव्हा तेच मूल परप्रांतातील शाळेत दाखल होते. आणखी काही काळाने वडिलांची पलटण पुन्हा सीमेकडे जाते व मूल गावी परतते. चौथी पूर्ण होईपर्यंत दोन-तीन शाळा व दोन भाषा पाहिलेले मूल सैनिकांच्या गावांत अपवादात्मक म्हणता येत नाही.

या फिरतीत मुलाचे तीन प्रकारचे नुकसान होते. पहिले नुकसान कागदाचे. शाळा सोडल्याचा दाखला मागच्या शाळेतून निघालेला नसतो, जन्माची नोंद तिसऱ्याच गावी असते, आणि कागद येईपर्यंत मूल घरी बसते. दुसरे नुकसान अभ्यासाचे. महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांचे वर्ष सामान्यतः जूनमध्ये सुरू होते, तर केंद्रीय विद्यालयांचे एप्रिलमध्ये. पाठांचा क्रमही निराळा असतो. त्यामुळे एखादे मूल बेरजेचे हातचे दोनदा शिकते व अपूर्णांक एकदाही शिकत नाही. तिसरे नुकसान मनाचे असून ते कोणत्याही नोंदवहीत येत नाही. ओळखीचे शिक्षक व सवंगडी सुटलेले, वडील दूर, आई चिंतेत, अशा स्थितीतील मूल वर्गात गप्प बसते. शिक्षक त्यास मंद समजतात. आणि ही समजूत एकदा रुजली की तिच्यापुढे मुलाची खरी कुवत झाकली जाते.

या नुकसानीचा परिणाम मुलापुरता राहत नाही. घरी मुलाचे शिक्षण बिघडत आहे हे ज्यास ठाऊक आहे, तो जवान ठाण्यावर असला तरी त्याचे चित्त तेथे नसते. कित्येक अनुभवी सैनिक मुलांच्या शाळेकरिता नोकरी सोडण्याचा विचार करतात. म्हणून हा प्रश्न जितका शिक्षकाचा तितकाच सेनाधिकाऱ्याचाही आहे. स्थानिक शाळा सुधारण्यास सेनाधिकारी काय करू शकतो व काय करू शकत नाही, याचा विचार ज्या देशात दीर्घकाळ व पद्धतशीरपणे झाला, त्या अमेरिकेचा अनुभव प्रथम पाहणे उपयुक्त ठरेल.

२. अमेरिकेतील अनुभव

(अ) पैशाचा प्रश्न

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या स्वतःच्या शाळा आहेत. त्यांची संख्या दीडशेहून अधिक असून त्या मुख्यतः परदेशातील तळांवर आणि स्वदेशातील मोजक्या राज्यांत आहेत. तथापि नोकरीत असलेल्या सैनिकांची बहुसंख्य मुले तळाबाहेरील सार्वजनिक शाळांतच शिकतात. या शाळा स्थानिक शिक्षण मंडळे चालवितात, आणि त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग घर-जमिनीवरील स्थानिक करातून येतो.

येथेच पहिली अडचण उभी राहिली. लष्करी तळाची जमीन केंद्र सरकारची असल्यामुळे तिच्यावर स्थानिक कर बसत नाही. मुले मात्र शेकड्यांनी शाळेत येतात. दुसऱ्या महायुद्धानंतर तळ वाढले, त्याबरोबर वर्ग भरून वाहू लागले, आणि लहान गावांच्या शिक्षण मंडळांना हा बोजा पेलेना. तेव्हा १९५० साली अमेरिकी काँग्रेसने दोन कायदे संमत केले. एकाने शाळागृहांच्या बांधकामास, तर दुसऱ्याने शाळांच्या चालू खर्चास केंद्राकडून साहाय्य देण्याची तरतूद झाली. हे साहाय्य पुढे निरनिराळ्या कायद्यांत समाविष्ट होऊन आजही चालू आहे. बुडालेल्या कराची त्याने पूर्ण भरपाई होते असे नव्हे. त्याची रक्कम दरवर्षीच्या अंदाजपत्रकावर अवलंबून असते. परंतु ज्या शासनाने सैनिकाची बदली केली, त्याच शासनावर त्याच्या मुलाच्या शाळेची काही जबाबदारी येते, हे तत्त्व त्यायोगे मान्य झाले.

या साहाय्यात सेनाधिकाऱ्याचा वाटा साधा पण महत्त्वाचा आहे. साहाय्य मुलांच्या संख्येवर मिळते व ती संख्या पालकांनी भरून दिलेल्या पत्रकांवरून ठरते. पत्रक परत आले नाही तर शाळेचे पैसे बुडतात. तळाच्या प्रमुखाने आपल्या माणसांना पत्रक भरून देण्याची आठवण केली, तर त्यास स्वतः एक पैसाही खर्च न करता शाळेचे उत्पन्न सुरक्षित ठेवता येते.

(आ) समतेचा प्रश्न

दुसरा प्रश्न पैशाहून कठीण होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. १९४८ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यदलांत सर्वांना समान वागणूक मिळावी असा आदेश काढला. बाप गोऱ्या सैनिकाच्या खांद्याला खांदा लावून कवायत करी, पण त्याचे मूल मात्र तळाच्या आवारातही स्थानिक मंडळ चालवीत असलेल्या वेगळ्या शाळेत जाई. जानेवारी १९५४ मध्ये संरक्षणमंत्री चार्ल्स विल्सन यांनी लष्करी तळांवरील शाळांतील हा भेद सप्टेंबर १९५५ पर्यंत संपुष्टात आणावा असा हुकूम दिला. तेथील सर्वोच्च न्यायालयाचा शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा प्रसिद्ध निर्णय त्यानंतर, १७ मे १९५४ रोजी झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

तळाच्या फाटकाबाहेरील शाळांचे काय, हा प्रश्न उरलाच. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी नेमलेल्या, गेरहार्ड गेझेल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६३ साली अहवाल दिला. त्यानंतर २६ जुलै १९६३ रोजी संरक्षणमंत्री मॅक्‌नमारा यांनी एक निर्देश काढला. सैनिकांना व त्यांच्या कुटुंबीयांना भेदभावाची झळ पोचत असेल, तर तिला विरोध करणे ही सेनाधिकाऱ्याची जबाबदारी आहे, आणि ती तळाच्या हद्दीत संपत नसून शेजारच्या वस्तीतही लागू आहे, असा त्याचा आशय होता. या हुकुमाने सर्व गावे एका दिवसात सुधारली नाहीत. तरीही एक गोष्ट त्याने कायमची स्पष्ट केली. सैनिकाचे मूल फाटकाबाहेरच्या शाळेत जाते म्हणून अधिकाऱ्यास त्याच्याविषयी हात झटकता येणार नाहीत.

(इ) राज्याराज्यांतील करार

अमेरिकेत शिक्षण हा राज्यांचा विषय आहे. प्रवेशाचे वय, लसींची यादी, उत्तीर्ण होण्याचे नियम प्रत्येक राज्यात निराळे. सैनिकाचे मूल शालेय जीवनात सहा ते नऊ वेळा शाळा बदलते असे तेथे सामान्यतः सांगितले जाते. प्रत्येक वेळी ते नव्या नियमांच्या तडाख्यात सापडे. यावर उपाय म्हणून संरक्षण खाते व राज्य सरकारांची संघटना यांनी मिळून एक आंतरराज्य करार तयार केला. २००८ साली दहा राज्यांनी मान्यता देताच तो अमलात आला, आणि २०१४ पर्यंत सर्व ५० राज्ये त्यात सामील झाली.

या करारातील तरतुदी प्रत्येक मुख्याध्यापकाने वाचाव्यात अशा आहेत. पालकाने हाती आणलेल्या साध्या नोंदींवरून नव्या शाळेने मुलास तत्काळ वर्गात बसवावे. अधिकृत कागद मागाहून येतील. नव्या शाळेची मागणी येताच जुन्या शाळेने १० दिवसांच्या आत ते पाठवावेत. राहिलेल्या लसी टोचून घेण्यास ३० दिवसांची मुदत द्यावी. मूल ज्या इयत्तेत शिकत होते त्याच इयत्तेत ते पुढे चालू ठेवावे. केवळ वयाचा नियम निराळा आहे म्हणून त्यास मागे ढकलू नये. अपंग मुलास जुन्या शाळेत जे विशेष साहाय्य मिळत होते, त्याच्या तोडीचे साहाय्य प्रथम चालू करावे व फेरतपासणी नंतर करावी. वडील वा आई युद्धआघाडीवर जाण्यापूर्वी अथवा तेथून परतल्यावर मुलास त्यांच्याजवळ राहता यावे म्हणून अधिक रजा देण्याचा विचार व्हावा.

या सर्व तरतुदींचे सूत्र एकच आहे. मूल आधी वर्गात, कागद मागून.

(ई) नित्याचे काम

कायदा झाला तरी तो शाळेच्या दारापर्यंत नेणारा माणूस लागतो. अमेरिकेत तळांवर यासाठी एक शाळा-संपर्क अधिकारी नेमलेला असतो. नव्याने येणाऱ्या कुटुंबास शाळांची माहिती देणे, प्रवेशात अडचण आल्यास मुख्याध्यापकास भेटणे, आणि मोठी तुकडी येणार वा जाणार असेल तर शिक्षण मंडळास आगाऊ कळविणे, ही त्याची कामे. यांतील शेवटचे काम विशेष मोलाचे आहे. ऐन शाळा उघडण्याच्या दिवशी दोनशे मुले अचानक आली तर वर्ग व शिक्षक कोठून आणावयाचे? तीच बातमी तीन महिने आधी मिळाली तर व्यवस्था होऊ शकते.

हवाई राज्यात याहून पुढचे पाऊल टाकण्यात आले. तेथे सर्व राज्याचे एकच शिक्षण मंडळ असून त्यात सैन्यदलांच्या एका प्रतिनिधीस स्थान आहे. त्यास मत देण्याचा अधिकार नाही, परंतु बैठकीत बसून सैनिक-कुटुंबांची बाजू मांडता येते. टेक्सासमधील किलीन या लष्करी गावी पलटणींनी एकेक शाळा दत्तक घेण्याची प्रथा आहे. जवान मुलांना वाचनात मदत करतात, क्रीडामहोत्सवात उभे राहतात. भूदलात मुलाचे शालान्त वर्ष चालू असता बदली पुढे ढकलण्याची विनंती करता येते.

शाळांनाही प्रोत्साहन मिळू लागले. २०१७ साली ओहायो राज्याने ‘जांभळा तारा’ नावाचे मानचिन्ह सुरू केले व अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. सैनिक-पाल्यांसाठी एक शिक्षक नेमून देणे, शिक्षकांना या मुलांच्या गरजांचे प्रशिक्षण देणे आणि नव्या मुलाच्या सोबतीस जुना विद्यार्थी देणे, अशा अटी पुऱ्या करणाऱ्या शाळेस ते मिळते. तत्पूर्वी २०१५ च्या केंद्रीय शिक्षण कायद्याने नोकरीत असलेल्या सैनिकांच्या मुलांची नोंद स्वतंत्र खुणेने ठेवण्याची व्यवस्था केली होती. ही मुले किती, कोठे व त्यांची प्रगती कशी, हे त्यापूर्वी निश्चित सांगता येत नव्हते. आणि ज्याची मोजदाद नाही त्याची व्यवस्थाही होत नाही.

३. अधिकाराच्या मर्यादा

सेनाधिकाऱ्यास हुकूम देण्याची सवय असते. शाळा मात्र हुकुमाने सुधारत नाही. स्थानिक शिक्षण मंडळ लोकांनी निवडलेले असते. शिक्षक त्यास जबाबदार असतात. गणवेशातील अधिकारी मुख्याध्यापकास आज्ञा देऊ लागला तर तो गावाच्या मनात अढी निर्माण करतो, आणि त्या अढीचा त्रास शेवटी मुलासच होतो.

फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या भूदल, नौदल व हवाईदल या तिन्ही खात्यांच्या सचिवांनी राज्यपालांच्या संघटनेस पत्र लिहून कळविले, की पुढे तळ कोठे ठेवावा याचा निर्णय करताना आसपासच्या शाळांचा दर्जाही विचारात घेतला जाईल. या पत्राचा परिणाम मोठा झाला. तळ म्हणजे गावचा व्यापार व रोजगार; तो हलेल या भीतीने अनेक राज्ये शाळांकडे लक्ष देऊ लागली. परंतु या उपायाची दुसरी बाजूही आहे. दर्जा केवळ परीक्षेच्या गुणांवर जोखला, तर गरीब वस्तीतील शाळा, जिला साहाय्याची सर्वांत अधिक गरज आहे, तीच दोषी ठरते. तळ हलला तर तिचे उत्पन्न आणखी घटते. म्हणून दडपणाबरोबर साहाय्यही दिले पाहिजे. अशा साहाय्याचे उदाहरण म्हणून तळांच्या आवारातील स्थानिक मंडळांच्या जीर्ण शाळागृहांच्या दुरुस्तीस वा नव्या बांधणीस संरक्षण खात्याने २०११ पासून दिलेल्या अनुदानाचा उल्लेख करता येईल.

यावरून एवढा निष्कर्ष निघतो. जे सेनाधिकाऱ्याच्या स्वतःच्या हाती आहे, म्हणजे बदलीची वेळ, आगाऊ सूचना, पालकांना मुलाच्या शाळेसाठी मोकळीक, आवश्यक दाखले, तेथेच त्याचे साहाय्य सर्वांत फलदायी होते. बाके, रंगरंगोटी व समारंभ यांची छायाचित्रे निघतात. परंतु जवानास पालकसभेसाठी दोन तासांची सुट्टी देणारा कमान अधिकारी त्याहून मोठे काम करतो.

४. महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

महाराष्ट्रास हा प्रश्न नवा नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे व कोल्हापूर जिल्ह्यातील सैनिक टाकळी या गावांची ओळखच सैन्यातील नोकरीने झाली आहे. अशा गावांत शाळेच्या पटावरील पुष्कळ मुलांचे वडील वर्षातून एक-दोनदाच गावी येतात.

या संदर्भात एका विद्यार्थ्याचे उदाहरण सर्वांस परिचित आहे. सुभेदार रामजी सकपाळ हे महू येथे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. लष्करातील शिक्षणामुळे त्यांच्या घरात वाचन-लेखनाची परंपरा निर्माण झाली. निवृत्तीनंतर हे कुटुंब साताऱ्यास आले आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे पुत्र भीमराव यांचे नाव तेथील सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झाले. हा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. छावणीतील शाळेने ज्या कुटुंबास शिक्षणाचा मार्ग दाखविला, त्याच कुटुंबातील या मुलास गावच्या शाळेत वेगळे बसावे लागले व पाण्याच्या भांड्यास हात लावण्याची मुभा नव्हती, असे डॉ. आंबेडकरांनी स्वतः नमूद करून ठेवले आहे. १९६३ च्या अमेरिकी निर्देशाने ज्या प्रश्नास हात घातला तोच हा प्रश्न होय: छावणीच्या आत मिळणारी वागणूक बाहेर मिळेल याची काळजी कोणी घ्यावयाची?

स्वातंत्र्यानंतर शासनाने काही योजना केल्या. १९६१ साली सातारा येथे सैनिक शाळा निघाली; तथापि तिचा उद्देश राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी विद्यार्थी तयार करणे हा असल्याने फिरतीवरील जवानाच्या लहान मुलाचा प्रश्न तिने सुटावयाचा नव्हता. १९६२ साली मंजूर झालेल्या योजनेनुसार १९६३-६४ मध्ये लष्करी तळांवरील २० शाळा केंद्रीय शाळा म्हणून घेण्यात आल्या. त्यांतूनच आजची केंद्रीय विद्यालये वाढली. १९८३ मध्ये सैनिक कल्याण शिक्षण संस्था स्थापन झाली व तिच्या शाळाही देशभर आहेत. पुणे, खडकी, देवळाली, कामठी इत्यादी छावणी परिसरांतील मंडळांनी प्राथमिक शाळा चालविल्या. परंतु ज्यांचे कुटुंब गावी राहते, त्या जवानांच्या मुलांना या संस्थांचा लाभ होणे कठीण. त्यांची शाळा म्हणजे जिल्हा परिषदेची शाळाच होय.

कायदा या मुलांच्या बाजूने आहे. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यातील कलम ५ अन्वये शाळा बदलणाऱ्या मुलास मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ दिला पाहिजे. मग नवी शाळा राज्यातील असो वा परराज्यातील. दाखला येण्यास विलंब झाला हे प्रवेश लांबविण्याचे वा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. दाखला देण्यास विलंब करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि कलम १५ प्रमाणे प्रवेशाची मुदत उलटून गेली तरीही मुलास परत पाठविता येत नाही. अमेरिकेतील राज्यांनी कराराने जे साध्य केले, त्यातील प्रवेशाविषयीचा गाभा येथे प्रत्यक्ष कायद्यातच आहे. उणीव आहे ती माहितीची व तत्परतेची.

५. शाळेने व सेनाधिकाऱ्याने करावयाच्या गोष्टी

प्रथम मुख्याध्यापकाने आपल्या पटावरील सैनिक-पाल्यांची एक साधी यादी करावी. मुलाचे नाव, मागील शाळा, मागील शाळेची भाषा, घरी कोण असते, एवढ्या नोंदी पुरेत. वडील कोठे नेमणुकीस आहेत याचा तपशील विचारू नये व लिहूनही ठेवू नये; तो सुरक्षिततेचा विषय आहे.

मूल आले त्याच दिवशी त्यास वर्गात बसवावे व जनरल रजिस्टरात नोंद करावी. पहिल्या आठवड्यात शिक्षकाने परीक्षा न घेता मुलाशी बोलून व थोडे लिहवून घेऊन काय येते व काय राहिले हे पाहावे. हिंदी माध्यमातून आलेल्या मुलाची अक्षरओळख तयार असते, म्हणून त्यास पहिलीच्या पाठावर बसविणे चुकीचे होय. त्याची अडचण नेमक्या ठिकाणी असते. हिंदीत नसलेला ‘ळ’, ‘चार’ व ‘चाक’ यांतील ‘च’चे दोन उच्चार, हिंदीतील दोन लिंगांऐवजी मराठीतील तीन लिंगे, म्हणजे ‘ते झाड’, ‘ते पुस्तक’, आणि ‘घोडा’ या शब्दाचे ‘घोड्याला’ असे होणारे सामान्यरूप. जे मूल आतापर्यंत इंग्रजी वळणाचे अंक लिहीत होते, त्यास ५, ६ व ९ हे देवनागरी अंक घोटून घ्यावे लागतात. ही यादी लहान आहे. दररोज अर्धा तास दिल्यास बहुतेक मुले थोड्या महिन्यांत वर्गाबरोबर येतात. त्यांना मंद ठरविण्याचे कारण उरत नाही.

प्रत्येक नव्या मुलास एक सोबती द्यावा. पाणी कोठे, मधल्या सुट्टीतील जेवण कोठे, कोणत्या बाईंना काय विचारावे, हे समवयस्क मूल जितके चांगले सांगते तितके शिक्षकास सांगता येत नाही. मुलास परप्रांतातील जे अनुभव असतील ते वर्गापुढे सांगावयास लावावे. भूगोलाच्या तासाला बर्फ प्रत्यक्ष पाहिलेले मूल हे शिक्षकाचे साहाय्यक ठरते. तथापि युद्ध, जखमा व मृत्यू यांविषयी त्यास कोणी प्रश्न विचारू नयेत याकडे लक्ष असावे. सीमेवरील वाईट बातमी आली त्या दिवशी अशा मुलाजवळ शिक्षकाने थोडे अधिक थांबावे.

सैनिकाची पत्नी ही व्यवहारात एकटी पालक असते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात असे कायद्याने सांगितले आहे. सैनिकांची वस्ती असलेल्या गावात यांपैकी एक जागा जवानाच्या पत्नीस मिळावी, म्हणजे प्रश्न वारंवार समजावून सांगावा लागणार नाही. जवान सुट्टीवर येतो तेव्हा त्यास शाळेत बोलवावे, प्रगतिपुस्तक त्याच्या हाती द्यावे व मुलाची वही त्यास दाखवावी. मुलाच्या दृष्टीने तो दिवस कोणत्याही सणाहून मोठा असतो.

सेनाधिकाऱ्याकडून शाळेने नेमक्या चार गोष्टी मागाव्यात. बदलीचा हुकूम निघताच कुटुंबास कळवावे व मागच्या शाळेचा दाखला काढण्यास जवानास सवड द्यावी. शक्य तेथे कुटुंबाचे स्थलांतर शालेय वर्षाच्या अखेरीस होईल असे पाहावे. जेथे छावणी शेजारी आहे, तेथे मोठी तुकडी येण्यापूर्वी मुलांची अंदाजे संख्या गटशिक्षणाधिकाऱ्यास कळवावी. आणि तळावर एक अधिकारी असा असावा, की ज्याचे नाव मुख्याध्यापकास ठाऊक आहे. जेथे छावणी नाही, तेथे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हाच दुवा होय. त्या कार्यालयाचे अधिकारी सामान्यतः माजी सैनिक असतात. सैनिकी भाषा व गावची भाषा या दोन्ही त्यांना कळतात. केंद्राच्या शिक्षण परिषदेस वर्षातून एकदा त्यांना आमंत्रण दिल्यास कित्येक अडचणी पत्रव्यवहाराविना सुटतील.

निवृत्त सुभेदार व हवालदार प्रत्येक सैनिकी गावात आहेत. त्यांच्याकडून केवळ झेंडावंदनाची कवायत करून घेण्यात शाळेने समाधान मानू नये. वक्तशीरपणा, नकाशावाचन, प्रथमोपचार, यंत्रांची निगा या गोष्टी त्यांनी आयुष्यभर केल्या आहेत. त्या मुलांना शिकविण्यास ते आनंदाने येतील, मात्र वर्ग शिक्षकाचा आहे हे दोघांनीही विसरू नये.

६. समारोप

या सर्व उपायांपैकी एकही उपाय फार खर्चाचा नाही. अमेरिकेसारख्या संपन्न देशातही पैशाने जितके झाले, त्याहून अधिक वेळेवर पाठविलेल्या पत्राने, हाती आणलेल्या नोंदवहीवर विश्वास ठेवणाऱ्या मुख्याध्यापकाने आणि आपल्या जवानाच्या मुलाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने झाले आहे. शिवाय, आगंतुक मुलाचे स्वागत करण्याची रीत एकदा शाळेत रुळली, की तिचा लाभ ऊसतोडणी कामगाराच्या, वीटभट्टीवरील मजुराच्या व धनगराच्या मुलासही तितकाच होतो. कायदा त्यांच्यासाठीही तोच आहे. जे मूल वर्षाच्या मध्ये दप्तर घेऊन शाळेच्या दारात उभे राहते, त्यास त्याच दिवशी बसावयास जागा मिळते की नाही, यावर त्या शाळेची परीक्षा होते.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. मागील वर्षात शाळेत वर्षाच्या मध्ये किती मुले आली? प्रत्येकास वर्गात बसण्यास किती दिवस लागले, व विलंबाचे कारण काय?

२. शाळेतून गेलेल्या मुलांचे दाखले मागणीच्या दिवशीच दिले गेले काय? नसल्यास कोणती पद्धत बदलावी लागेल?

३. हिंदी वा अन्य माध्यमातून आलेल्या मुलाच्या पहिल्या महिन्याच्या अभ्यासाचा आराखडा इयत्तावार तयार करा.

४. शाळा व्यवस्थापन समितीत सैनिक-कुटुंबातील सदस्य आहे काय? नसल्यास पुढील निवडीच्या वेळी काय करता येईल?

५. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी अथवा जवळच्या छावणीशी संपर्क ठेवण्याचे काम केंद्रातील कोणत्या शिक्षकाकडे सोपवावे?